नायजेरियन सिनेमाचं कौतुक खरं की फॅशन? लागोसमध्ये साउंड मिक्स केलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आला आहे: “आम्ही कोल्हापुरात छोटा फिल्म क्लब चालवतो. यंदा तीन दिवस नायजेरियन सिनेमा दाखवावा असं मी सुचवलं, तर समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, काल-परवापर्यंत हे व्हिडिओवर काढलेले भडक कौटुंबिक प्रकार होते. आता कान्सने बोलावलं, नेटफ्लिक्सने घेतलं, म्हणून आपणही टाळ्या वाजवायच्या का? मला उत्तर देता आलं नाही. हे जगभरचं कौतुक खरं आहे की फॅशन? आणि दाखवायचंच तर काय दाखवू?”

आधी तुमच्या ज्येष्ठांवर चिडू नका. त्यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. नुसतं कान्सने बोलावलं म्हणून टाळ्या वाजवायच्या नसतात. पण ‘काल-परवापर्यंत भडक होतं, आता सुधारलं, म्हणून जगाने दखल घेतली’ ही जी गोष्ट त्यांनी मनात धरली आहे, ती तशी घडलेली नाही. तुमचा खरा प्रश्न मला तिथे दिसतो. दखल कोणी घेतली, कधी घेतली आणि कशाची घेतली, हे सुटं केलं की समितीपुढे बोलायला तुम्हाला अडचण येणार नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. मी साउंड मिक्सिंग करतो, अंधेरीत. २०१२ मध्ये सहा आठवड्यांच्या कामासाठी नायजेरियातल्या लागोस शहरी गेलो आणि चार वर्षं राहिलो. परत आल्यावरही तिकडची कामं येत राहतात. म्हणजे मी समीक्षक नाही आणि तटस्थ तर अजिबात नाही. माझं जे काही मत आहे ते हेडफोनमधून आलेलं आहे, त्यामुळे थोडं आवाजाच्या अंगाने बोलणार, ते चालवून घ्या.

दुसरी कबुली. ‘मान्यता’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण ती देणारे चार वेगवेगळे लोक आहेत. प्रेक्षक खिशातून पैसे काढतो. महोत्सववाले निवड करतात. प्लॅटफॉर्म हक्क विकत घेतो. ऑस्करवाले नियमावली उघडून बसतात. या चौघांना एकच सिनेमा आवडला असं क्वचितच होतं. तेव्हा ‘खरं की फॅशन’ याचं उत्तर तुम्ही यातल्या कोणाबद्दल विचारताय त्यावर ठरेल.

प्रेक्षकांपासून सुरुवात करू, कारण तेच पहिले होते.

नायजेरियात सिनेमा १९९२ मध्ये जन्मला असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं. तसं नाही. त्याआधी योरुबा लोकांच्या फिरत्या नाटक मंडळ्या होत्या, गाड्यांवर सामान लादून गावोगाव जाणाऱ्या, आपल्या तमाशाच्या फडांसारख्याच. ह्यूबर्ट ओगुंडे हे त्यातलं सगळ्यांत मोठं नाव. या मंडळींनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत फिल्मवर सिनेमे काढले. मग १९८६ नंतर आर्थिक पुनर्रचनेच्या कार्यक्रमात नायरा, म्हणजे तिथलं चलन, कोसळला. कच्ची फिल्म डॉलरमध्ये यायची, ती परवडेना. शहरांत रात्री बाहेर पडायची लोकांना भीती वाटू लागली आणि थिएटरं ओस पडली. काहींची गोदामं झाली, काहींची चर्च.

अशा वेळी लागोसमधला केनेथ न्नेब्यूए नावाचा व्यापारी. इलेक्ट्रॉनिक्स आणि कॅसेटचा धंदा, आणि हाताशी परदेशातून मागवलेल्या कोऱ्या व्हीएचएस कॅसेट. कोरी कॅसेट विकण्यापेक्षा आत काहीतरी भरून विकली तर जास्त पैसे मिळतील, हा सरळ दुकानदारी हिशोब. योरुबा नाटकवाल्यांचे व्हिडिओ त्याने आधी काढले होतेच. १९९२ मध्ये इग्बो भाषेत ‘लिव्हिंग इन बाँडेज’ आला. पैशासाठी एका गुप्त पंथात जाऊन बायकोचा बळी देणारा माणूस आणि त्याच्या मानगुटीवर बसलेलं तिचं भूत. दिग्दर्शक ख्रिस ओबी रापू. लोकांनी ती कॅसेट इतकी उचलली की दुसऱ्या व्यापाऱ्यांनी आपापली दुकानं त्याच मालाने भरली.

पुढची दहा-पंधरा वर्षं लागोसची इदुमोटा आणि अलाबा ही मार्केटं, तिकडे पूर्वेला ओनित्शा आणि आबा, हाच स्टुडिओ आणि हाच वितरक. पैसा लावणाऱ्या व्यापाऱ्याला तिथे ‘मार्केटर’ म्हणतात. नट कोण घ्यायचा, शेवट कसा करायचा, भाग एक आणि भाग दोन कुठे तोडायचा, हे मार्केटर ठरवायचा. २००४ मध्ये तर आघाडीच्या नट-नट्या मानधन फार मागतात म्हणून मार्केटरांनी त्यांच्यावर सरळ बंदी घातली होती. दिग्दर्शकाला विचारतो कोण!

आता तुमच्या ज्येष्ठांना हे सांगा. या कॅसेटी, पुढे व्हीसीडी, आक्रापासून नैरोबीपर्यंत आणि किन्शासापासून कॅरिबियन बेटांपर्यंत पोचल्या. लंडनच्या पेकममध्ये दुकानांतून मिळायच्या. युगांडाच्या व्हिडिओ हॉलमध्ये ‘व्हीजे’ म्हणून एक माणूस असतो. पडद्याशेजारी माईक घेऊन बसायचं आणि परदेशी सिनेमा लुगांडा भाषेत रंगवून सांगायचा, मध्येच आपल्या कोट्याही घालायच्या, हे त्याचं काम. त्याच्याही तावडीत नायजेरियन सिनेमा सापडला होता. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एका उपग्रह कंपनीने ‘आफ्रिका मॅजिक’ हे चॅनेल काढलं आणि ते मुख्यतः याच सिनेमांवर चालवलं. हे सगळं आंतरराष्ट्रीय नव्हतं तर काय होतं? फक्त बघणारे पॅरिस-न्यूयॉर्कचे नव्हते, एवढंच.

२००९ मध्ये युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेने आकडे काढले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांचे कान टवकारले. २००६ या वर्षात भारतात १,०९१ कथापट, नायजेरियात ८७२ आणि अमेरिकेत ४८५. ‘नॉलीवूडने हॉलीवूडला मागे टाकलं’ अशा बातम्या झळकल्या. (नॉलीवूड हे नावही २००२ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्रातल्या लेखातून पसरलं. तिथल्या बऱ्याच जुन्या मंडळींना ते अजून आवडत नाही.) त्या आकड्यात एक मेख होती. ते ८७२ सिनेमे व्हिडिओवर काढलेले आणि थेट घरी बघायचे होते. मोजणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही, आपण बातमी वाचताना विसरतो.

आता ‘भडक’ या शब्दाकडे येतो, कारण इथे माझं काम सुरू होतं.

लागोसमधला माझा पहिला आठवडा. समोर एका घरगुती प्रसंगाचं फूटेज, सासू-सून, दिवाणखाना. संवाद चांगले, बाई तर अप्रतिम काम करत होती, पण सगळ्याखाली एक घरघर. मला वाटलं साधा हम, म्हणजे विजेचा गुणगुणाट असेल, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींवर बारीक कापलं की जाईल. कापलं. चार सेकंद गेला आणि परत आला, पण जरा खालच्या पट्टीत. पुन्हा कापलं, पुन्हा हलला. शेवटी माझा तिथला सहायक हसून म्हणाला, “ओगा, फ्रिज चालू झाला.” ओगा म्हणजे साहेब. शूटिंगच्या घरामागे छोटा पेट्रोल जनरेटर होता. त्याच्यावर फ्रिजचा भार आला की इंजिनाचा वेग पडतो, म्हणजे घरघरीचा सूर उतरतो. फ्रिज बंद झाला की सूर चढतो. एका जागी न थांबणारा हम कुठल्या फिल्टरने धरणार?

या छोट्या जनरेटरला नायजेरियात एक टोपणनाव आहे: ‘आय बेटर पास माय नेबर’. शेजाऱ्यापेक्षा माझं बरं चाललंय. मोठा जनसेट परवडत नाही, पण अंधारात बसायचीही वेळ नाही, अशा घराचं ते यंत्र. सरकारी वीज आली की गल्लीतली पोरं एकदम ओरडतात, “अप नेपा!” नेपा हे वीज कंपनीचं जुनं नाव. कंपनीचं नाव बदललं, पुढे खासगीकरण झालं, आरोळी तीच राहिली. माझ्या एका रडण्याच्या प्रसंगात नायिकेच्या हुंदक्यावर ती आरोळी इतकी नेमकी पडली होती की काढताना जीव खालीवर झाला.

मी पहिल्यांदा मनात म्हटलं होतं, की यांना आवाजाचं काही पडलेलं नाही. चूक माझी होती. हिशोब बघा. व्हीसीडी बाजारात आली की तिची चोरटी प्रत यायला दिवस लागायचे, महिने नव्हे. मार्केटरला जे कमवायचं ते त्या पहिल्या थोड्या दिवसांत. समजा त्याने आवाजावर दुप्पट पैसे लावले, तर त्याच्या चार प्रती तरी जास्त खपणार होत्या का? नाही. गिऱ्हाईक पोस्टरवरचे चेहरे आणि गोष्ट बघून माल उचलायचं आणि बारक्या टीव्हीवर, घरच्या जनरेटरच्या घरघरीत बघायचं. म्हणजे सिनेमातली घरघर घरातल्या घरघरीत मिसळून जायची! दहा-बारा दिवसांत शूटिंग उरकणं, कॅमेऱ्यावरच्या माईकवर भागवणं, हा अडाणीपणा नव्हता. त्या बाजारात तेच शहाणपण होतं.

मग बदललं काय? मागणारा बदलला. २००४ मध्ये लागोसच्या व्हिक्टोरिया आयलंडवर सिल्व्हरबर्डचं मल्टिप्लेक्स उघडलं आणि हळूहळू इतर साखळ्या आल्या. थिएटरात तिकीट फाडलं जातं, गल्ला मोजता येतो, आणि चोरट्या प्रतीआधी पैसे सुटतात. कुन्ले अफोलायनचा ‘द फिगरिन’ २००९चा. (त्याचे वडील अदे लव्ह हे फिल्मवर सिनेमे काढणाऱ्या त्या जुन्या योरुबा पिढीतले, म्हणजे ‘नवं’ म्हणतात ते अगदीच नवं नाही.) असे सिनेमे मोठ्या पडद्यासाठी काढले जाऊ लागले. मोठ्या हॉलमध्ये हम लपत नाही. माझ्यासारख्या माणसाला तिकडे बोलावणं आलं ते या कारणाने, कोणाला अचानक कलेची जाण आली म्हणून नव्हे.

२०१६ मध्ये टोरोंटो महोत्सवाने आपला शहरांचा विभाग लागोसला दिला आणि आठ सिनेमे नेले. त्यातला केमी अडेतिबाचा ‘द वेडिंग पार्टी’ नंतर देशातही तुफान चालला. त्याच वर्षी नेटफ्लिक्स नायजेरियात आलं. २०१८ मध्ये टोरोंटोतच जेनेव्हिव्ह न्नाजीचा ‘लायनहार्ट’ दाखवला गेला आणि नेटफ्लिक्सने तो घेतला. २०२० पासून तिथल्या निर्मितीत त्यांनी उघडपणे पैसा घातला.

प्लॅटफॉर्म विकत घेतो तेव्हा गोष्ट तर बघतोच, पण त्याबरोबर एक लांबलचक यादी पाठवतो. त्यातली एक ओळ असते एम अँड ई. म्हणजे संवाद पूर्ण काढून टाकलेला, फक्त संगीत आणि इतर आवाजांचा ट्रॅक. दुसऱ्या भाषेत डब करायचं तर तो लागतो. आता घरघरीत रेकॉर्ड केलेल्या संवादातून संवाद काढला की पावलं, बांगड्या, दार, कपड्याची सळसळ, सगळंच जातं. ते सगळं फोलीवाल्याने, म्हणजे स्टुडिओत वस्तू वाजवून असे आवाज काढणाऱ्याने, पुन्हा तयार करायचं. नायजेरियन लग्नाचा प्रसंग घ्या. बायकांच्या डोक्यावर ‘गेले’ असतो, ताठ कापडाचा उंच बांधलेला फेटा. मान वळवली की तो कागदासारखा कुरकुरतो. अंधेरीतल्या आमच्या फोली कलाकाराने आधी रेशमी साडी वापरून पाहिली. ऐकायला सुंदर, पण ते आपलं लग्न वाटायला लागलं. शेवटी कडक खळ दिलेलं सुती कापड आणि त्यात ट्रेसिंग पेपर, तेव्हा कुठे लागोस आलं.

आणखी एक गंमत सांगतो. जुन्या नॉलीवूडमध्ये पार्श्वगीत पुढची गोष्ट सांगून मोकळं व्हायचं. सून दारात पाऊल टाकते न टाकते तोच गाणं म्हणतं, अगं ती थोरली तुझ्या जेवणात काहीतरी कालवणार गं! एका सिनेमात दिग्दर्शकाने ही रीत मुद्दाम ठेवली होती. तो ज्या प्लॅटफॉर्मला जायचा होता त्यांच्या तपासणीतून तीनदा परत आला. गाणं संगीतात धरायचं की संवादात, यावर महिनाभर ईमेल चालले. त्यांचंही चुकलं नव्हतं, त्यांच्या तक्त्यात तिसरा रकानाच नव्हता. शेवटी दोन गाणी गेली. सिनेमा नीटनेटका झाला. मला मात्र तो थोडा फिका वाटला.

आतापर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: बघणारे आधीपासून होते आणि देशाबाहेरही होते. तांत्रिक दर्जा वाढला तो बाजार बदलला म्हणून. आणि बाहेरच्या दाराने आत शिरताना प्रत्येक सिनेमाला त्या दाराच्या मापाचं व्हावं लागलं.

मापाचं सगळ्यांत ढळढळीत उदाहरण ऑस्करचं. नायजेरियाने पहिल्यांदाच ऑस्करला प्रवेशिका पाठवली ती ‘लायनहार्ट’ची. २०१९ च्या एप्रिलमध्ये अकादमीने ‘परभाषा’ हा शब्द जुनाट वाटतो म्हणून विभागाचं नाव बदलून ‘आंतरराष्ट्रीय’ केलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ‘लायनहार्ट’ बाद केला. कारण? संवाद बहुतांश इंग्रजीत, इग्बो जेमतेम ११ मिनिटं. पाटी बदलली, नियम तोच राहिला. न्नाजीचं म्हणणं होतं की आम्ही नायजेरियात असेच बोलतो, पाचशेहून अधिक भाषांमधला आमचा पूल इंग्रजी आहे, आणि कोणी आमच्यावर राज्य करावं हे आम्ही निवडलं नव्हतं. सिनेमा बघितलात तर कळेल, एनुगूमधली बसकंपनी, घरात इग्बो-इंग्रजीची सरमिसळ, उत्तरेकडच्या व्यापाऱ्याशी सौदा करताना हौसा. कोण कोणत्या भाषेत कोणाशी बोलतो यावर गोष्ट चालते. ते ११ मिनिटांच्या मापाने कसं मोजणार?

गंमत पुढे आहे. २०२३ मध्ये नायजेरियाने सी. जे. ओबासीचा ‘मामी वाटा’ पाठवला. त्यातले संवाद मुख्यतः पश्चिम आफ्रिकी पिजिनमध्ये. ही बोली इंग्रजी शब्दांवर उभी, व्याकरण मात्र स्वतःचं. ती ‘इंग्रजी नाही’ म्हणून चालली. माझ्या कानाला हे पटतं, कारण पिजिनचे संवाद मी मिक्स केलेत आणि सबटायटल नसतील तर पहिले सहा महिने मला अर्धं कळत नव्हतं. पण बाजारात, ट्रॅफिकमध्ये (तिकडे त्याला ‘गो-स्लो’ म्हणतात), सेटवर तोच माणूस एका वाक्यात पिजिन आणि दुसऱ्या वाक्यात शाळेतलं इंग्रजी बोलतो. सीमारेषा अकादमीने आखलेली आहे, त्याच्या जिभेवर ती नाही.

महोत्सवांबद्दल मी जरा जास्त खूश आहे. लागोसच्या जुळ्या भावांनी, अरी आणि चुको एसिरी यांनी, १६ मिमी फिल्मवर काढलेला ‘एयिमोफे’ २०२० मध्ये बर्लिनला होता. ओबासी, अब्बा मकामा आणि मायकल ओमोनुआ या तिघांच्या ‘सर्रिअल १६’ गटाचा ‘जुजू स्टोरीज’ २०२१ मध्ये लोकार्नोला. ‘मामी वाटा’ला २०२३ मध्ये सनडान्सला छायाचित्रणाचा विशेष पुरस्कार मिळाला. कृष्णधवल आहे, छायाचित्रणकार ब्राझीलच्या लिलिस सोआरेस. काळ्या त्वचेवरची पांढरी नक्षी आणि समुद्राची रात्र, हे पडद्यावरच बघायचं, फोनवर बघून मत देऊ नका. आणि २०२५ मध्ये अकिनोला डेव्हिस ज्युनियरचा ‘माय फादर्स शॅडो’ हा कान्सच्या अधिकृत निवडीतला पहिला नायजेरियन सिनेमा ठरला आणि तिथे पहिल्या सिनेमाच्या पुरस्कारात त्याचा खास उल्लेखही झाला. १२ जून १९९३ ची निवडणूक, जी एम. के. ओ. अबिओला जिंकल्यात जमा असताना लष्करी राजवटीने रद्द केली, तिच्या सावटाखाली लागोसमध्ये एक बाप आणि त्याची दोन मुलं यांचा एक दिवस.

इथे तुमचे ज्येष्ठ हरकत घेतील आणि घ्यावी. कारण हाच सिनेमा ऑस्करला पाठवला तो ब्रिटनने. पैसा आणि निर्मितीचा मोठा भाग तिथला, दिग्दर्शक लंडन आणि लागोस दोन्हीकडचा. मग हा कोणाचा? मी म्हणेन गोष्ट, चेहरे, रस्ते लागोसचे आहेत, तर लागोसचा. पण पैसा कुठला हे विचारणं गैर नाही. महोत्सवात पोचलेल्या बऱ्याच आफ्रिकी सिनेमांमागे युरोपचा पैसा असतो आणि तो पैसा आपली आवड घेऊन येतो: संथ गती, कमी संवाद, गाणं-भूत-सासू वर्ज्य.

आणि खुद्द नायजेरियात लोक कशाला रांगा लावतात? डिसेंबर २०२३ मध्ये लागलेला फुंके अकिंडेलेचा ‘अ ट्राइब कॉल्ड जूडा’ देशात एक अब्ज नायरांचा गल्ला करणारा पहिला नायजेरियन सिनेमा ठरला. पाच मुलगे, एक आई, एक दरोडा. पुढच्या वर्षी तिनेच तो विक्रम मोडला. या सिनेमांचं नाव महोत्सवांच्या यादीत शोधू नका. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या तर जवळपास एकही नाव जुळत नाही. म्हणून मी ‘नायजेरियन सिनेमाला मान्यता मिळाली’ असं सरसकट म्हणत नाही. त्याच्या एका फांदीला मिळाली. झाड घरच्यांनीच वाढवलं.

प्लॅटफॉर्मवर तर फार विसंबूच नका. जानेवारी २०२४ मध्ये ॲमेझॉनने आफ्रिकेतल्या नव्या निर्मितीतून हात काढून घेतला, मोठा गाजावाजा करत आल्यानंतर दीडएक वर्षात. त्याआधी जून २०२३ मध्ये नायरा मोकळा सोडल्यावर डॉलरला साधारण ४६० होता तो वर्षभरात १,५०० च्या आसपास गेला. परदेशी सामान, हार्ड डिस्क, माझं बिल, सगळं तिप्पट. त्या वर्षात माझी दोन कामं अर्धवट थांबली, निर्मात्यांना पैसे बुडवायचे होते म्हणून नव्हे, त्यांच्याकडे खरंच नव्हते. मग बरेच निर्माते सरळ यूट्यूबवर गेले. ओमोनी ओबोलीसारख्या अभिनेत्री-निर्मात्या स्वतःच्या चॅनेलवर पूर्ण सिनेमे टाकतात आणि बघणाऱ्यांचे आकडे कोटीत जातात. घरी बघायचा सिनेमा, थेट गिऱ्हाइकाला. न्नेब्यूएच्या कॅसेटचंच दुकान, फक्त शटर बदललं.

‘गोऱ्यांनी डोक्यावर घेतलं म्हणून’ या टोमण्याला एक उत्तर आपल्याकडेच आहे. उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात हिंदी सिनेमे पन्नास-साठच्या दशकांपासून लागतात, सुरुवातीला लेबनीज वितरकांनी आणलेले. हौसा भाषिक प्रेक्षकांनी धर्मेंद्रला ‘ताकदीचा राजा’ आणि गोविंदाला ‘नाचाचा राजा’ अशी नावं दिली होती. हिंदी चालींवर हौसा भजनं-गाणी झाली, आणि तिथल्या व्हिडिओ सिनेमात नायक-नायिका झाडांभोवती गाऊ लागले. त्या उद्योगाला कॅनीवूड म्हणतात आणि हे नाव नॉलीवूडपेक्षा आधीचं आहे, १९९९ चं. अलीकडे झी वर्ल्डवरच्या इंग्रजीत डब केलेल्या हिंदी मालिका तिथे घरोघरी चालतात. माझ्या लागोसच्या घरमालकीणबाई मला सुना-सासवांची पुढची कथा विचारायच्या, जणू मी मुंबईचा म्हणजे मला ठाऊकच असणार. हमीशा दर्यानी आहुजा या लागोसच्या भारतीय वंशाच्या दिग्दर्शिकेने २०२१ मध्ये ‘नमस्ते वहाला’ आणला (वहाला म्हणजे कटकट, भानगड) आणि पुढे मुंबईत घडणारी ‘पोस्टकार्ड्स’ ही मालिका केली. पहिला काही मला फार जमलेला वाटला नाही, पण रस्ता दुहेरी आहे एवढं त्यातून दिसतं. ते साठ-सत्तर वर्षं आपले सिनेमे बघतायत. आपण कान्सची वाट बघत बसलो.

आता तुमचे तीन दिवस. हे तुमच्या हॉलवर, बजेटवर आणि हक्क मिळण्यावर अवलंबून आहे, म्हणून नावं अंतिम समजू नका. पहिल्या दिवशी तुंडे केलानीचा ‘सावोरोइडे’ (१९९९) मागवून बघा. योरुबा नाटकाची परंपरा, राजा, मुकुट आणि राजाचा जीव ज्यात अडकलाय तो ढोल. तमाशा-लळित बघितलेल्या तुमच्या सभासदांना तो परका वाटणार नाही आणि ‘व्हिडिओ म्हणजे भडक’ हा वाद पहिल्या अर्ध्या तासात मिटेल. त्याच संध्याकाळी न्केम ओवो या विनोदी नटाच्या ‘ओसुओफिया इन लंडन’ (२००३) मधला एखादा तुकडा दाखवा, लोक हसून हॉल डोक्यावर घेतील. दुसऱ्या दिवशी थिएटरसाठी काढलेलं काही, ‘द फिगरिन’ किंवा तत्सम. तिसऱ्या दिवशी ‘मामी वाटा’ आणि ‘एयिमोफे’, आणि ‘एयिमोफे’ शेवटी ठेवा. एकही सिनेमा कोणाच्या नेटफ्लिक्स खात्यावरून लावू नका. सार्वजनिक खेळाला ते चालत नाही. निर्मात्याला किंवा विक्री एजंटला ईमेल करा, क्लब छोटा आहे हे स्पष्ट लिहा. माझा अनुभव असा की छोट्या क्लबला लोक वाजवी दर सांगतात, मात्र उत्तर यायला तीन-चार आठवडे लागतात. दोन महिने हातात ठेवून लिहा.

सबटायटल असलेलीच प्रत मागा, इंग्रजी संवाद असले तरी. आणि प्रोजेक्शनवाल्याला आधी दहा मिनिटं बसवून आवाजाची पातळी ठरवा. जुन्या सिनेमांत ओरडणं खूप वर असतं, तो घाबरून आवाज खाली करतो आणि मग कुजबुज गायब होते.

‘एयिमोफे’ शेवटी का, ते सांगून थांबतो. थोडं कथानक फुटेल. मोफे नावाचा वीजतंत्री आहे, कारखान्यात तारांच्या गुंत्यात हात घालणारा, स्पेनला जायची कागदपत्रं जमवणारा. एका रात्री त्याची बहीण आणि तिची मुलं घरात झोपेतच जातात, जनरेटरच्या धुराने. वर सांगितला तोच छोटा, शेजाऱ्यापेक्षा बरं चाललेल्यांचा जनरेटर. मी तो सिनेमा कामासाठी नव्हे, नुसता प्रेक्षक म्हणून पाहिला. चार वर्षं ज्या घरघरीला मी ‘नॉइज’ म्हणून फाइलमधून खोडत होतो, ती तिथे कथेच्या मधोमध बसली होती. त्यानंतर लागोसहून एक काम आलं, पुन्हा तीच सासू-सून, तीच मागची घरघर. मी दिग्दर्शकाला फोन करून विचारलं, काढू की ठेवू? तो म्हणाला, “संवाद ऐकू येतील एवढी कमी कर. पूर्ण काढलीस तर लोकांना वाटेल हे दुसऱ्या देशात घडतंय.”